घडीचा चाकू: घडवून घ्यावा की तयार घ्यावा?

फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये बनवलेला घडीचा चाकू आजही जवळपास त्याच रूपात कारखान्यातून बाहेर पडतो. बीच लाकडाची गोलसर मूठ, एक पाते, एक खिळा आणि १९५५ पासून पात्याच्या बुडाशी बसवलेली पोलादी कडी. कडी फिरवली की उघडे पाते जागच्या जागी अडते. यातला आठ नंबरचा चाकू घेऊन एखादे कडक सफरचंद कापावे. पाते मागच्या बाजूलाही दोन मिलिमीटरपेक्षा कमी जाड असल्यामुळे ते फळातून सरळ खाली उतरते आणि फोडीची कड गुळगुळीत राहते. मग तेच सफरचंद नामांकित कारागिराकडून मागणी नोंदवून घेतलेल्या, टायटॅनियमच्या मुठीच्या, चार मिलिमीटर जाड पात्याच्या चाकूने कापावे. धार वस्तऱ्यासारखी असली तरी अर्ध्यावर गेल्यावर पाते पाचरीसारखे रुतते, फळ कापले न जाता कट्‌कन फुटते आणि फोड खडबडीत निघते. दुसऱ्या चाकूची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट असते. कारागिराला पातळ पाते करता येत नाही असे मुळीच नाही. अनेक जण ते उत्तम करतात. पण कस्टम चाकू घेतला म्हणजे जास्त चांगले कापणारा चाकू मिळाला, ही समजूत इथेच तपासून घ्यायला हवी. माझ्या मते रोज वापरायचा चाकू हवा असेल, तर आज बहुतेकांनी कारखान्यात तयार झालेलाच घ्यावा. घडवून घेण्याची वेळ त्यानंतर येते, आणि तीही काही जणांच्याच बाबतीत.

चाकू किती चांगला कापतो हे तीन गोष्टींवर ठरते: पात्याचा आकार, पोलादाला दिलेले पाणी आणि मग पोलादाची जात. क्रम मुद्दाम असा लावला आहे. जाहिरातींत तो उलटा असतो, कारण पोलादाचे नाव छापता येते आणि पात्याची जाडी डोळ्यांत भरत नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या काट्रा या संशोधन संस्थेकडे धार तपासण्याचे यंत्र आहे. सिलिका मिसळलेल्या कार्डाच्या पट्ट्या ते ठरावीक दाबाने पात्याकडून कापून घेते आणि किती कार्ड कापले जाते ते मोजते. अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसते, की धारेचा कोन कमी केला तर साधे पोलादसुद्धा बोजड कोनाच्या महागड्या पोलादाला मागे टाकू शकते. पोलादाला पाणी देणे, म्हणजे ते तापवून झटकन थंड करणे आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणे, हे त्याहून नाजूक काम. स्वित्झर्लंडची व्हिक्टोरिनॉक्स कंपनी आपल्या छोट्या चाकूत मोठ्या पात्याचा कठीणपणा रॉकवेल मापावर ५६, कात्री आणि करवतीचा ५३, तर स्प्रिंगचा ४९ ठेवते. प्रत्येक भागाला त्याच्या कामापुरते पाणी, आणि तेही लाखो चाकूंत सारखेच. अमेरिकेतल्या बक कंपनीचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिचे नेहमीचे पोलाद ४२०एचसी, म्हणजे नावाने अगदी साधे. पण त्याला पाणी देण्याची पद्धत पॉल बॉस या माणसाने बसवली आणि बकच्या चाकूंना त्यानेच नाव मिळवून दिले. हेच बॉस स्वतंत्र कारागिरांची पातीही भट्टीत घेत असत. कारखान्याच्या पात्याला आणि कस्टम पात्याला पाणी देणारे हात एकच, असे वर्षानुवर्षे चालले. तेव्हा ‘हाताने घडवलेले’ या शब्दांतून पात्याच्या आतल्या गुणाविषयी काही ठरवता येत नाही.

याचा अर्थ कारागिरांचे महत्त्व कमी आहे असा कुणी घेऊ नये. घडीच्या चाकूत गेल्या चाळीसेक वर्षांत जे नवे आले, त्यातले बरेचसे एकट्या माणसाच्या टेबलावर जन्मले. मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लायनर लॉकला आजचे रूप दिले. मुठीच्या आतल्या धातूच्या पातळ पट्टीचा एक भाग स्प्रिंगसारखा आडवा सरकतो आणि उघडलेल्या पात्याच्या बुडाला जाऊन टेकतो; पाते मिटायचे तर अंगठ्याने ती पट्टी बाजूला सारायची, एवढेच. एका हाताने चाकू उघडता-मिटवता येणे यामुळे सोपे झाले. १९९० मध्ये स्पायडर्को कंपनीने बॉब टर्झुओला या कारागिराची रचना घेऊन या लॉकचा चाकू कारखान्यात काढला. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या ख्रिस रीव्ह याने त्याच सुमारास पट्टीऐवजी मुठीची जाड टायटॅनियमची बाजूच कापून तिचे लॉक केले. आज हे लॉक शेकडो तयार चाकूंत सापडते. एस३०व्ही हे २००१ मध्ये आलेले पोलाद क्रूसिबल कंपनीने खास चाकूंसाठी काढले, आणि ते घडवताना तिने रीव्हसारख्या कारागिरांचे म्हणणे ऐकले होते. उलट दिशेनेही देणे आहेच. पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप ही जोडी १९८१ मध्ये स्पायडर्कोच्या सॅल ग्लेसरने तयार चाकूत आणली, आणि नंतर कारागिरांनी ती उचलली. म्हणजे कारागीर नवी युक्ती शोधतो, कारखाना ती पारखून हजारो खिशांत पोहोचवतो, आणि हे काही वर्षांतच घडते. १९७० मध्ये चांगले लॉक आणि चांगले पोलाद हवे असेल तर कारागिराकडे जाण्यात अर्थ होता. आज तीच गोष्ट दुकानातल्या काउंटरवर मिळते, आणि माझा सगळा युक्तिवाद या बदलावर उभा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो हाताच्या मापाचा. शिंप्याकडून शिवून घेतलेला सदरा जसा अंगाला बसतो, तशी घडवून घेतलेली मूठ तळव्याला बसेल, असे म्हणतात. एकाच जागी वाकून तासन्‌तास लाकूड कोरणाऱ्यासाठी हे खरे आहे. पण खिशातल्या चाकूला दिवसातून चार-दोन वेळा पार्सलची दोरी, फळ, पेन्सिल, पाकीट एवढेच काम असते, आणि ते करताना पकड दर वेळी बदलते. बोटांच्या मापाने खाचा पाडलेली मूठ एकाच पकडीत छान वाटते आणि बाकीच्या पकडींत टोचते. ओपिनेलची साधी गोल मूठ म्हणूनच इतकी वर्षे टिकली. दुसरा आक्षेप कामाच्या सफाईचा. चांगल्या कारागिराच्या चाकूचे पाते उघडताना जी सलगता जाणवते, ती स्वस्त चाकूत नसते, हे मान्यच करायला हवे. मात्र पात्याच्या खिळ्याभोवतीचे वॉशर आणि बेअरिंग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवण्यात संगणकावर चालणारी यंत्रे आता हाताच्या पुढे आहेत. शिवाय कस्टम म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चाकूंचे भाग पाण्याच्या झोताने किंवा त्याच यंत्रांवर कापलेले असतात. कारागीर ते जुळवतो, घासतो, त्यांना शेवटचा हात देतो. त्यात गैर काही नाही, फक्त ग्राहकाने ते विचारून घ्यावे. तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारखान्याचे चाकू घेतले तर कारागीर जगणार कसा? पण कारखाने कारागिरांच्या रचना वापरतात तेव्हा बहुधा त्यांना विक्रीवर मानधन देतात आणि चाकूवर त्यांचे नावही छापतात. टर्झुओलाप्रमाणेच अनेकांची नावे अशीच देशोदेशी पोहोचली. कुणाची रचना न विचारता उचललेली स्वस्त नक्कल मात्र घेऊ नये. तो पैसा ना कारागिराकडे जातो, ना चांगल्या पाण्याकडे.

मग घडवून कुणी घ्यावा? डावखुऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. जुन्या पद्धतीच्या चाकूत नखाने पाते ओढायची खाच उजव्या हाताच्या सोयीने एकाच बाजूला असते. लायनर लॉकची पट्टी उजव्या अंगठ्याने सारायची असते. डाव्या हाताने ती सारताना बोट नेमके मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत येऊ शकते. कारखान्यांनी यावर काही उत्तरे काढली आहेत. बेंचमेड कंपनीचे १९९८ मध्ये आलेले अ‍ॅक्सिस लॉक दोन्ही हातांनी सारखेच चालते. तरी मनाजोगता आकार डावखुऱ्या मांडणीत मिळेलच असे नाही. अंगठ्याचे एक पेर गमावलेला कामगार, संधिवाताने बोटे वाकलेली व्यक्ती, किंवा कलमे करणारा माळी, ज्याला पात्याचा आकार ठरावीकच लागतो, अशांना कारागिरासमोर बसून घडवून घेण्याचा पुरेपूर उपयोग आहे. आणि आणखी एक कारण आहे, ज्याला उपयोगाची सबब लावायची गरज नाही: सौंदर्य. थरांचे दमास्कस पोलाद, कोरीव मूठ, रंगवलेले टायटॅनियम, हे सारे कलेचे काम आहे. आपल्याकडेही पितळेचे नक्षीदार अडकित्ते घडवले गेले. सुपारी साध्या अडकित्त्यानेही कातरली जातेच. ज्याला ते सौंदर्य हवे आहे, त्याने ते सौंदर्य म्हणूनच घ्यावे आणि किंमतही त्याचीच मोजावी.

महाराष्ट्रातल्या वाचकाने मात्र आणखी काही हिशेब करावा. भारतातल्या शस्त्रविषयक नियमांत घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामाची पाती वगळून ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात. खिशातला चाकू त्या मापात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश निघतात तेव्हा चाकू बाळगण्यालाच मनाई होऊ शकते. रामपुरीसारख्या खटक्याने उघडणाऱ्या चाकूच्या तर वाटेलाच जाऊ नये. आपल्याकडे विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू. बहुतेक आधुनिक कस्टम चाकूंना लॉक असते, म्हणजे ते तिथे घरीच ठेवावे लागतात. विसरून बॅगेत राहिलेला साधा चाकू विमानतळावर जमा झाला तर चुटपुट लागते आणि विषय संपतो. वर्षभर वाट पाहून, परदेशातून सीमाशुल्क भरून मागवलेला चाकू गेला तर तो पुन्हा मिळत नाही. दुरुस्तीचेही तसेच. कारखान्याचा खिळा किंवा स्प्रिंग बदलून मिळते. कस्टम चाकूची हमी म्हणजे तो कारागीर स्वतः. तो थकला, थांबला किंवा वारला, तर ती हमी त्याच्याबरोबर गेली. या सगळ्याचा परिणाम असा होतो, की महागडा चाकू हरवेल, झिजेल या भीतीने खणात पडून राहतो आणि दोरी शेवटी स्वयंपाकघरातल्या सुरीनेच कापली जाते.

म्हणून सुरुवात पातळ पात्याच्या, माहितीतल्या कंपनीच्या साध्या चाकूने करा आणि त्याबरोबर धारेचा एक चांगला दगड घ्या. वर्षभर तो रोज वापरा, बोथट झाला की स्वतः धार लावा. त्यानंतर, मूठ दहा मिलिमीटर लांब हवी होती, लॉक डाव्या हाताला हवे होते, टोक खाली झुकलेले हवे होते, असे एका वाक्यात नेमके सांगता आले, तर खुशाल कारागिराकडे जा. त्याला विचारा: पात्याला पाणी कोण देतो आणि रॉकवेल मापावर कठीणपणा किती ठेवतो, धारेच्या लगेच मागे पाते किती जाड असेल, कोणते भाग तुम्ही स्वतः केले, आणि पाच वर्षांनी लॉक सैल पडले तर ते कोण बसवून देईल. या प्रश्नांची उत्तरे जो मोकळेपणाने देतो, त्याच्याकडे मागणी नोंदवावी आणि तो सांगेल तेवढे थांबावे.