‘आता घरी न्या’ म्हटलं तरी पाठीचं दुखणं कमी करता येतं; नवरा-बायकोने काय जाणून घ्यावं?

सुरत : पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. कुणी लूमवर, कुणी मार्केटमध्ये पार्सल उचलायला, तर बायका घरीच साडीवर टिकली-लेस लावायला. या कामात पाठ दुखणं कुणाला नवं नाही. म्हणूनच घरात कॅन्सरचा पेशंट असला आणि त्याची पाठ धरली की पहिले काही आठवडे बाम, मालिश आणि मेडिकलवरच्या गोळ्यांत जातात. मग कधीतरी डॉक्टर सांगतात, आजार मणक्यात पोचलाय, बरा होण्यासारखा नाही. घरी न्या, सेवा करा.

सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे बहुतेकदा कुणी सांगत नाही. रात्री दोन वाजता एक जण कण्हतोय, दुसरा उशाशी बसलाय, आणि सकाळी सातला कामावरही जायचंय. अशा घरासाठी पहिली गोष्ट ही, की आजार बरा होणार नसला तरी दुखणं कमी करता येतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

हे कामाचं दुखणं नाही, कसं ओळखायचं?

कामाने धरलेली पाठ आडवं पडलं की सहसा मोकळी होते. आजार मणक्यात उतरला असेल तर दुखणं रात्री वाढतं, पडून राहिलं तरी थांबत नाही, खोकलं-शिंकलं की कळ येते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि किडनीचा कॅन्सर मणक्याकडे जास्त जातो. अशा पेशंटची पाठ जोरात चोळू नये, हाडवैद्याकडून ‘बसवून’ घेऊ नये. पोखरलेला मणका त्याने मोडू शकतो.

पाय लुळे पडणं, चालताना लटपटणं, पायांना किंवा बैठकीच्या जागेला बधिरपणा, लघवी अडकणं, शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही नव्याने दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पोचलं तर पाय वाचण्याची शक्यता राहते. उशीर झाला तर गेलेली ताकद सहसा परत येत नाही.

मॉर्फिनचं नाव काढलं की घर घाबरतं

जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी पायरी-पायरीने औषध देण्याची पद्धत सांगितली. आधी पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या, मग ट्रॅमाडॉल-कोडीनसारखी औषधं, आणि दुखणं फारच असेल तर मॉर्फिन. नस दाबली गेल्याने होणाऱ्या जळजळीला वेगळ्या गोळ्या लागतात. एकाच जागी हाड दुखत असेल तर शेक, म्हणजे रेडिएशन, उपयोगी पडतो. अनेक पेशंटना त्याची एकच बैठक पुरते.

मॉर्फिनच्या गोळ्या महाग नाहीत. पण घरात दोन भीती असतात. पहिली, ‘सवय लागेल’. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसनी होणं फार क्वचित घडतं. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, त्यामुळे ते एकदम बंद करायचं नसतं. दुसरी, ‘यानेच माणूस जाईल’. थोड्या डोसपासून बेताबेताने वाढवलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही.

खरी चूक वेगळीच होते. फार दुखलं तेव्हाच गोळी दिली जाते. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या वेळा घड्याळ लावून पाळायच्या. मध्येच कळ आली तर वरचा डोस किती, हे आधीच लिहून घ्यायचं. मॉर्फिनने शौचाला कडक होतंच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. मळमळ आणि गुंगी सहसा काही दिवसांत उतरते. पेशंट हाक मारूनही उठत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांना गाठा. किडनी कमजोर असेल तर तेही आधी सांगा. आणि रोज उठून दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेणं टाळा. अशा अनेक इंजेक्शनांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनीही खराब होऊ शकते.

गोळी सगळीकडे का मिळत नाही?

मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि अफूची सरकारी परवान्याची शेती शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे होते. तरी 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांची कटकट इतकी वाढली की बहुतेक दवाखान्यांनी हे औषध ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि देशभर एकच नियम आला. राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेली संस्था ती देऊ शकते. म्हणून गल्लीतल्या मेडिकलवर खेटे घालण्यापेक्षा कॅन्सर विभागात थेट विचारा, ‘पॅलिएटिव्ह केअर किंवा पेन क्लिनिक कुठे आहे?’ पर्वत पाटियाहून सहारा दरवाजाकडचं महापालिकेचं स्मीमेर आणि मजुरा गेटचं नवी सिव्हिल ही विचारणा सुरू करायची जवळची ठिकाणं.

लग्नकार्याला किंवा कायमचं गावी, नंदुरबार-धुळ्याकडे जाणार असाल तर गोळ्या मूळ पाकिटात, सोबत चिठ्ठी आणि दवाखान्याचे कागद ठेवा. तिकडे औषध कुठे मिळेल हे निघण्याआधी विचारा. उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका, त्या जिथून आणल्या तिथेच परत करा.

डॉक्टरला सांगायचं कसं?

घरात अहिराणी, दवाखान्यात गुजराती. ‘पाठ दुखस’ एवढंच सांगितलं तर अर्धंच कळतं. काही शब्द कामाला येतात. जळजळीला गुजरातीत ‘बळतरा’, मुंग्यांना ‘झणझणाटी’, पाय बधिर होण्याला ‘खाली चडवी’, शौचाला न होण्याला ‘कबजियात’. शंभर पानी वहीत रोज तीन ओळी लिहा : दुखणं 0 ते 10 मध्ये किती, गोळी किती वाजता दिली, झोप किती लागली. ही वही दाखवली की डोस ठरवायला सोपं जातं.

घरातल्या घरात

कुशीवर झोपवताना गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर झोपवताना गुडघ्यांखाली उशी. कूस बदलताना खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवा, अंग पिळू देऊ नका. उठता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. हवेची गादी आणि कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. कोमट शेक चालतो, पण बधिर जागेवर नको, भाजलेलं कळत नाही.

खर्च आणि कार्ड

आयुष्मान कार्डवर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि ते दुसऱ्या राज्यातल्या मान्यताप्राप्त दवाखान्यातही चालतं. गुजरातच्या कार्डावर ही मर्यादा 10 लाख आहे. पण नाव फक्त महाराष्ट्राच्या राज्य योजनेत असेल तर सुरतमध्ये दाखल होण्याआधी चौकशी करा. रेडिएशन किंवा भरती झाल्यावरचा खर्च यात बसतो. घरच्या गोळ्यांचा सहसा बसत नाही.

सांभाळणाऱ्याची पाठ

पेशंटला एकट्याने उचलणाऱ्या बायकोची किंवा नवऱ्याची पाठही काही महिन्यांत जाते. रात्रीच्या पाळ्या लावा. दीर, नणंद, मोठी मुलं, शेजारी, ज्यांना जमेल त्यांना ठराविक वार द्या. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्याला लगेच काम सांगा : बुधवारी दोन तास बसायला या. चिडचिड होणं, कधीकधी ‘सुटेल एकदाचा’ असं मनात येणं, यात पाप नाही, तो थकवा आहे. सरकारच्या टेलिमानस सेवेवर, 14416 या क्रमांकावर, फुकट बोलता येतं.

दुखणं उतरलं की माणूस बोलतो. बँकेचं, घराचं, पोरांचं, राहून गेलेलं. ते बोलणं व्हावं यासाठीच गोळी वेळेवर द्यायची.