योनाचा इशारा

बायबलमधली भविष्यवाणी म्हणजे पत्रिका पाहून सांगितलेलं भविष्य, असा समज सर्रास आढळतो. पुढचं सांगणं तिच्यात असतं. पण संदेष्टा (देवाचा निरोप लोकांपर्यंत पोचवणारा) बहुधा इशारा देत असतो. धरणाचं पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. काठावरची माणसं वेळीच हलली, तर भोंगा खोटा ठरत नाही. योना नावाच्या संदेष्ट्याने निनवे शहराला बजावलं, 40 दिवसांनी नाश होईल. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, गुराढोरांवरही गोणपाट घालण्याचा हुकूम निघाला, आणि नाश टळला. ही कृपा (लायकी नसताना मिळालेली देवाची दया). योना मात्र शहर वाचलं म्हणून रुसून बसला! अशीच कृपा आपल्यालाही मिळाली, असं ख्रिस्ती लोक मानतात; म्हणून त्यांची उपासना ही कृपेची किंमत नव्हे, तिच्याबद्दलचे आभार आहेत. योनाचं पुस्तक अवघ्या 4 अध्यायांचं आहे, मुळातूनच वाचावं.