मॉरिसनबाईंचा वर्ग

कथालेखनाच्या वर्गात बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला ठरलेला असतो: जे अनुभवलंय तेच लिहा. प्रिन्स्टन विद्यापीठात टोनी मॉरिसनबाई बरोब्बर उलटं सांगायच्या! तुम्हाला अजून काहीच माहीत नाही, तेव्हा आईबाबा आणि प्रेमप्रकरणं राहू द्या बाजूला. मेक्सिकोच्या सीमेवरची, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी एखादी वेट्रेस डोळ्यांपुढे आणा आणि तिच्यावर लिहा. अशाने पोरं जे लिहायची, त्याचं बाईंना फार कौतुक.

जन्म १९३१ चा, ओहायोतल्या लोरेन गावचा. पाळण्यातलं नाव क्लोई. बाराव्या वर्षी कॅथलिक झाल्या, संत अँथनीचं नाव घेतलं आणि त्यातून झालं ‘टोनी’.

पहिली कादंबरी, ‘द ब्लूएस्ट आय’, आली १९७० साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. घटस्फोट झालेला, पदरी दोन लहान मुलगे, वर रँडम हाऊसमधली संपादकाची नोकरी. मग लिहायचं कधी? पहाटे! अंधारात उठून कॉफी करायची, ती पीत उजाडताना बघायचं आणि पिवळ्या पॅडवर पेन्सिलीने सुरुवात. नोकरीही साधी नव्हती: मुहम्मद अली आणि अँजेला डेव्हिस यांची आत्मचरित्रं बाईंच्याच हाताखालून गेली.

याच नोकरीत ‘द ब्लॅक बुक’ (१९७४) या संग्रहाचं काम करताना एक जुनं कात्रण सापडलं. १८५६ साली मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून पोराबाळांसह पळाली. पकडायला माणसं आली तेव्हा लेकीच्या नशिबी पुन्हा गुलामी नको म्हणून तिने त्या चिमुरडीचा गळा चिरला. बाईंनी गार्नरच्या आयुष्याची आणखी शोधाशोध मुद्दाम टाळली आणि बाकीचं कल्पनेने रचलं. मला हा त्यांचा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. वर्गातला सल्ला त्यांनी स्वतः किती जिवावर उदार होऊन पाळला होता!

त्यातून १९८७ मध्ये ‘बिलव्हेड’ आली. नॅशनल बुक अवॉर्ड हुकलं, तेव्हा ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी जाहीर पत्रक काढून बाईंची बाजू घेतली. काही महिन्यांतच पुलित्झर मिळालं. १९९३ साली नोबेलही आलं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याच डिसेंबरात हडसनकाठचं घर मात्र आगीत सापडलं.

गार्नरने पिच्छा सोडला नाही. २००५ साली डेट्रॉइटमध्ये ‘मार्गारेट गार्नर’ हा ऑपेरा रंगमंचावर आला, आणि त्याची संहिता लिहिली होती बाईंनीच.