शोरूममध्येच वाढवलेली इंजिनाची ताकद : नव्या मोटारीतील बदलांना मान्यता कोणाची?

बेळ्ळंदूर (बंगळुरू) : नवी मोटार नोंदवताना ग्राहकापुढे ॲक्सेसरीजची यादी ठेवली जाते. मॅट, सीट कव्हर, मागचा कॅमेरा अशा वस्तूंबाबत फारसा प्रश्न उद्भवत नाही. मात्र त्याच यादीत इंजिनाचे ‘ट्यूनिंग’, मोठा आवाज करणारा सायलेन्सर किंवा गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा असतील, तर व्यवहाराचे स्वरूप बदलते. अधिकृत विक्रेत्याने बसवून दिलेला बदल कायदेशीरच असणार, असा ग्राहकाचा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु कायदा तसे मानत नाही.

माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे विस्तारलेल्या बेळ्ळंदूरसारख्या परिसरात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांसाठी हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. आज कर्नाटकात नोंदलेली त्यांची गाडी उद्या पुणे किंवा कोल्हापूरला न्यावी लागू शकते.

आधुनिक टर्बो इंजिनात हवेचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ज्वलनाची वेळ एक छोटा संगणक ठरवतो. इंधनाची प्रत, उन्हाळ्यातील तापमान आणि सुट्या भागांचे आयुष्य विचारात घेऊन उत्पादक कंपनी त्यात काही राखीव मर्यादा ठेवते. ट्यूनिंग करताना नेमकी हीच मर्यादा वापरली जाते. संगणकातील आज्ञावली बदलली की इंजिनाचा जोर वाढतो. मात्र क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक पूर्वीच्याच जोरासाठी बनवलेले असतात. ज्वलन बदलल्याने धुरातील घटकही बदलू शकतात.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू आहेत. कोणतेही नवे मॉडेल विक्रीस येण्यापूर्वी पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेत त्याची चाचणी होते. त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीसोबत उत्पादक ‘नमुना २२’ हे प्रमाणपत्र देतो. गाडी प्रदूषण व सुरक्षेच्या मानकांत बसते, याची ती हमी असते. ही हमी कारखान्यातून निघालेल्या गाडीची असते, शोरूममध्ये बदललेल्या गाडीची नव्हे. पीयूसी केंद्रावरील चाचणी गाडी उभी असताना होते. त्यामुळे पीयूसी मिळाले म्हणजे बदलाला मान्यता मिळाली, असे होत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा एलपीजीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यासारखे अपवाद कायद्यातच दिलेले आहेत. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका स्पष्ट केली. राज्याच्या नियमांचा आधार घेऊन कलम ५२ ला बगल देता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ समाविष्ट झाले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नियमांचे उल्लंघन करणारी गाडी विकणाऱ्या, तसा बदल करणाऱ्या किंवा करून देण्याची तयारी दाखवणाऱ्या विक्रेत्यासाठी हीच तरतूद अधिक कठोर आहे : एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही.

विक्रेत्याकडून ताकदवान गाडी घेण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील विक्रेते डॉन येन्को यांनी १९६७ पासून शेव्हरोले कमॅरोत सुमारे सात लिटर क्षमतेचे इंजिन बसवून ती विकली. १९६९ मध्ये मात्र हे इंजिन खुद्द कारखान्यातच बसवले जाऊ लागले. जर्मनीत बदललेल्या भागांची तांत्रिक तपासणी होऊन त्यांची नोंद गाडीच्या कागदपत्रांत करण्याची पद्धत आहे.

भारतात वैध मार्ग प्रामुख्याने उत्पादकामार्फतच जातो. टाटा मोटर्सने कोइम्बतूरच्या जयम ऑटोमोटिव्हजसोबत तयार केलेल्या टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी या गाड्या ऑक्टोबर २०१८ मध्ये बाजारात आल्या. ह्युंदाईने २०२१ मध्ये आय-२० एन लाइन आणली; तिच्यात सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि एक्झॉस्टमध्ये बदल होते. या गाड्या स्वतंत्र प्रकार म्हणून कारखान्यातूनच आल्या, हा त्यांच्यातील आणि शोरूममधील जोडकामातील मूलभूत फरक आहे.

ग्राहकाला खरी झळ पुढे बसते. बदललेल्या भागामुळे झालेला बिघाड उत्पादकाची वॉरंटी साधारणपणे मान्य करत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येऊ शकतो. शिवाय गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास कलम ४७ नुसार तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळी गाडी आणि कागद यांचा मेळ बसला नाही, तर उत्तर मालकालाच द्यावे लागते; गाडी विकणारा तोवर शेकडो किलोमीटर दूर असतो.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागणे हिताचे ठरते : बदल उत्पादकाने मान्य केल्याचा पुरावा, त्यानंतरही वॉरंटी कायम राहील याची हमी आणि प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंद असलेली पावती. बदलाची माहिती विमा कंपनीलाही लेखी कळवावी. ॲक्सेसरीज घेतल्याशिवाय गाडीच मिळणार नाही, अशी अट घालणे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथेत मोडू शकते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहकाला तो राहत असलेल्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाद मागता येते.

तोंडी दिलेले आश्वासन कागदावर उतरवण्यास विक्रेता तयार नसेल, तर त्या बदलाची जबाबदारी कोणावर येणार, याचे उत्तर ग्राहकाला तिथेच मिळालेले असते.