जमेच्या बाजूला न दिसणारी सेवा
अमेरिकेतील परिचारिकांच्या कामाचा हिशेब

अमेरिकेत मुले-नातवंडे असलेल्या कुटुंबांना तेथील रुग्णालयाच्या बिलाचा धसका चांगलाच ठाऊक असतो. शस्त्रक्रियागृह, भूल, रक्ततपासणी, क्ष-किरण, औषधाची एकेक गोळी, या सर्वांची त्यात स्वतंत्र आकारणी असते. परंतु जिने रात्रभर रुग्णाची नाडी पाहिली, त्याची कूस बदलली, श्वास जड होताच डॉक्टरांना बोलावले, त्या परिचारिकेच्या सेवेची वेगळी ओळ त्या बिलात सहसा सापडत नाही. भारतातील खासगी रुग्णालये पुष्कळदा ‘नर्सिंग चार्जेस’ अशी नोंद करतात. अमेरिकेत ही सेवा खोलीच्या भाड्यातच मिसळून टाकलेली असते.

व्यापारी कुटुंबातील वाचकांना एवढ्यावरूनच पुढचे बरेच काही उमगेल. जी बाब जमेच्या बाजूला कधी दिसत नाही आणि खर्चाच्या बाजूला मात्र ठळकपणे दिसते, तिच्यावरच काटकसरीची पहिली कात्री चालते. अमेरिकेतील परिचारिकांच्या तक्रारींचे मूळ पुष्कळ अंशी या हिशेबात आहे.

ठरावीक रक्कम, वाढते काम

मुख्यत्वे ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेने १९८३ मध्ये रुग्णालयांना पैसे देण्याची रीत बदलली. पूर्वी झालेल्या खर्चाप्रमाणे रक्कम मिळे. नव्या रीतीत आजाराच्या वर्गवारीनुसार ठरावीक रक्कम मिळू लागली. रुग्ण चार दिवस राहिला काय किंवा सात दिवस राहिला काय, रक्कम साधारण तीच. साहजिकच रुग्णाला लवकर घरी पाठविण्याकडे रुग्णालयांचा कल वाढला. जे खाटेवर उरले ते अधिक गंभीर आजारी होते, आणि दाखल करणे, घरी पाठविणे, समजावून सांगणे ही कामे एकाच पाळीत वारंवार करावी लागू लागली. खाटांची संख्या तीच राहिली, तरी प्रत्येक खाटेमागचे काम वाढले.

तेथील बहुतेक रुग्णालयांत परिचारिकेची पाळी बारा तासांची, सकाळी सात ते संध्याकाळी सात किंवा त्याउलट, असते. आठवड्यातून तीनच दिवस काम, हे कागदावर आकर्षक दिसते. प्रत्यक्षात पुढच्या पाळीला रुग्ण सोपविणे आणि राहिलेल्या नोंदी पुऱ्या करणे यांत बारा तासांचे तेरा होतात. औषधाची प्रत्येक मात्रा देण्यापूर्वी रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन यंत्राने तपासायचे, मग संगणकात नोंद करायची. २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदींना मोठे उत्तेजन दिले. त्यातून औषधांच्या काही चुका टळल्या हे खरे. पण परिचारिकेचा वेळ खाटेकडून पडद्याकडे वळला, हेही तितकेच खरे. जेवणाची सुट्टी बुडणे नित्याचे झाले. पुढच्या पाळीला माणूस मिळाला नाही तर थांबण्याचा आग्रह होतो, आणि रुग्ण दुसऱ्याकडे न सोपविता निघून गेल्यास परवान्यावर गंडांतर येऊ शकते. काही राज्यांनी सक्तीच्या जादा कामावर कायद्याने मर्यादा घातली आहे. अनेक राज्यांत तशी मर्यादा नाही.

एका जादा रुग्णाची किंमत

एका परिचारिकेकडे रुग्ण किती असावेत, हा या साऱ्या वादाचा गाभा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधिका लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत त्यांना असे आढळले, की प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. याचे कारण गूढ नाही. रक्तदाब हळूहळू उतरतो आहे, रुग्ण किंचित गोंधळल्यासारखा बोलतो आहे, ही लक्षणे यंत्राच्या आधी जवळ बसलेल्या माणसाला कळतात. जवळ बसायला सवडच नसेल तर ती कळत नाहीत.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून हे प्रमाण बंधनकारक केले. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त दोन रुग्ण, तातडीच्या विभागात चार, सर्वसाधारण विभागात आधी सहा आणि नंतर पाच, अशी ती मर्यादा आहे. ओरेगॉनने २०२३ मध्ये याच धर्तीवर कायदा केला. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र २०१८ साली हा प्रश्न मतदारांपुढे गेला आणि त्यांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला. रुग्णालयांचा युक्तिवाद असा होता, की रुग्णाची स्थिती तासातासाला बदलते, तिला एक आकडा लावता येत नाही; शिवाय हा खर्च लहान रुग्णालयांना झेपणार नाही. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण लवचीकतेच्या नावाखाली दरवेळी ताण परिचारिकेवरच पडतो, हा तिचा अनुभवही खोटा नाही.

चूक कोणाची?

थकलेल्या हातून चूक होते, तेव्हा तिची जबाबदारी कोणावर? २०१७ च्या अखेरीस टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे एका परिचारिकेने औषधाच्या यंत्रकपाटातून शामक औषधाऐवजी स्नायू निश्चल करणारे औषध काढले आणि रुग्णाचा मृत्यू झाला. तिने आपली चूक स्वतःहून कळविली. तरीही तिचा परवाना गेला, फौजदारी खटला चालला, आणि २०२२ मध्ये दोषी ठरवून तिला तीन वर्षांची परिवीक्षा देण्यात आली. तिने धोक्याच्या सूचना दुर्लक्षिल्या, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. त्या काळी यंत्राची सूचना ओलांडणे रोजचेच झाले होते, असे बचाव पक्ष सांगत होता. देशभरच्या परिचारिकांनी या निकालातून एकच अर्थ घेतला: चूक सांगणे धोक्याचे आहे. ज्या क्षेत्रात चूक लपविली जाते, तेथे ती पुन्हा घडते.

याच्या जोडीला मारहाणीची भीती. वेदनेने, नशेने वा स्मृतिभ्रंशाने बेभान झालेला रुग्ण, संतापलेले नातेवाईक, यांच्या सर्वांत जवळ परिचारिका असते. कामाच्या जागी हिंसेमुळे जखमी होऊन रजा घ्यावी लागलेल्यांपैकी ७३ टक्के आरोग्यसेवेतील होते, असे अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने २०१८ साठी नोंदविले आहे.

वाचविलेला पैसा गेला कोठे?

कोविडच्या साथीत हा हिशेब उघडा पडला. कायम नोकरीतल्या परिचारिका थकून बाहेर पडल्या आणि रिकाम्या जागी अल्प मुदतीच्या करारावर ‘ट्रॅव्हल नर्स’ आणाव्या लागल्या. त्यांतील अनेकींना आठवड्याला पाच हजार डॉलर किंवा त्याहूनही अधिक मिळत. शेजारच्या खाटेवर तेच काम करणाऱ्या जुन्या परिचारिकेला हे दिसत होते. मग तीही करारावर बाहेर पडे. परवाना मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार साथीच्या काळात सुमारे एक लाख परिचारिकांनी हे क्षेत्र सोडले. मेडिकेअरने २००८ पासून रुग्णालयात झालेल्या गंभीर शय्याव्रणांवरील किंवा पडून झालेल्या इजांवरील जादा खर्च देणेही बंद केले आहे. हे दोन्ही टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे वेळेवर कूस बदलणारा आणि वेळेवर आधार देणारा हात. तोच कमी केला, तर बचत एका पानावर दिसते आणि तोटा दुसऱ्या पानावर.

जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय आणि माँटेफिओरे या रुग्णालयांतील सुमारे ७,००० परिचारिका तीन दिवस संपावर गेल्या. तीन वर्षांत सुमारे १९ टक्के पगारवाढ पुढे आलेली होती. अडले होते ते मनुष्यबळाच्या हमीवर. ती हमी करारात आली. त्याच वर्षी एका लवादाने, नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात पुरेशा परिचारिका न ठेवल्याबद्दल, माउंट सायनायने तेथील परिचारिकांना सुमारे १ लाख २७ हजार डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. रिकाम्या जागेची किंमत प्रथमच रुग्णालयाच्या नावे लिहिली गेली, असे या निर्णयाबद्दल म्हणता येईल.

समाजातील अनेक कुटुंबे धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. वार्षिक अंदाजपत्रकात नवे यंत्र दात्याच्या नावासह उठून दिसते. रात्रपाळीला वाढविलेल्या दोन परिचारिका तशा दिसत नाहीत. अमेरिकेचा चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो, की त्या दोघींचा पगार वाचविण्याचा मोह महागात पडतो. आणि परदेशी असो वा येथे, आप्त रुग्णालयात असताना खाटेजवळ आलेल्या परिचारिकेला शांतपणे विचारावे, “आज तुमच्याकडे किती रुग्ण आहेत?” तिचे उत्तर ऐकल्यावर घंटेला उशीर झाला म्हणून चढणारा आवाज आपोआप उतरेल, आणि तक्रार करायचीच असेल तर ती कोणाकडे करावी, हेही कळेल.