खुर्ची गेली, ताई उरल्या!

महाराष्ट्रात आजवर एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही. शेजारच्या गोव्यात मात्र १९७३ मध्येच झाली. शशिकला काकोडकर, सगळ्यांच्या ‘ताई’.

मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची ही मुलगी. ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब गेले आणि जबाबदारी ताईंवर आली. आमच्या सोलापूरच्या बचत गटात हे सांगितलं, तर एक जण पटकन म्हणाली, ‘‘वडिलांची पुण्याई, दुसरं काय!’’

असेलही. पण १९७७ ची निवडणूक ताईंच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकली. ती काही वारशाने मिळत नाही.

मग घात घरातूनच झाला. एप्रिल १९७९ मध्ये पक्षाचेच काही आमदार फुटले, सरकार पडलं. १९८० मध्ये पक्ष हरला. ताई काँग्रेसमध्ये गेल्या, बाहेर पडल्या, पुन्हा मगोत आल्या. मुख्यमंत्रिपद काही परत मिळालं नाही.

तरी त्या घरी बसल्या नाहीत. १९९० मध्ये शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान देऊ केलं, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई आंदोलनात उतरल्या. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे २०११ पासून ग्रामपंचायती, पालिकांत निम्म्या जागा बायकांच्या. कुणाला खुर्ची नवऱ्यामुळे मिळते, कुणाला सासऱ्यांमुळे. मिळू दे की! पण सहीआधी कागद आपणच वाचायचा. खुर्ची आज आहे, उद्या नाही. केलेलं काम तेवढं आपलं.