पहिला आला तोच जिंकला?

शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशा शर्यतींबद्दल दोन समजुती घट्ट रुतल्या आहेत. आधी पोहोचेल तो विजेता, ही एक. आणि एकटा निघालेला खलाशी स्वतःपुरतेच पाहतो, ही दुसरी. फ्रान्समधून दर 4 वर्षांनी निघणाऱ्या वाँदे ग्लोब शर्यतीने दोन्ही खोट्या ठरवल्या. 30 नोव्हेंबर 2020 रोजी केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येला केव्हिन एस्कोफिए यांची नौका लाटेत दुभंगली आणि त्यांना तराफ्यावर उतरावे लागले. आयोजकांनी जवळच्या स्पर्धकांना शोधासाठी वळवले. एस्कोफिएंना वाचवले 61 वर्षांच्या जाँ ल काम यांनी. शोधात यानिक बेस्तावेनही होते. जानेवारी 2021मध्ये शार्ली दालँ सर्वांत आधी परतले, बेस्तावेन तिसरे. तरी विजेते बेस्तावेनच ठरले, कारण शोधात गेलेल्या वेळेपोटी त्यांना 10 तास 15 मिनिटांची भरपाई मिळाली होती.

मग वेगाला अर्थ काय उरला, असे कुणी विचारेल. पण भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे. ती नसेल, तर अपघाताच्या जवळ असण्याची शिक्षा भोगावी लागेल. संकटातल्या माणसाला मदत करणे हे समुद्रावर कायद्यानेही कर्तव्य आहे. शर्यतीचे गणित ते कर्तव्य मोजते, इतकेच. उपग्रहांच्या काळात स्पर्धकांनी एकमेकांना वाचवण्याची गरजच काय, हा आक्षेपही टिकत नाही. यंत्र ठिकाण सांगते, माणसाला उचलत नाही. जुन्या पद्धतीच्या साधनांनिशी होणाऱ्या गोल्डन ग्लोब शर्यतीत सप्टेंबर 2018मध्ये भारताचे अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ नौकेची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली. पाठीला जबर इजा झाल्याने त्यांना हलताही येईना. ठिकाण ठाऊक होते, भारतीय नौदलाचे विमानही वरून फिरून गेले. तरी फ्रेंच गस्तीनौका पोहोचायला तिसरा दिवस उजाडला. त्याच वादळात डोलकाठी गमावलेले आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन तात्पुरते शीड उभारून त्यांच्याच दिशेने निघाले होते.

याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला, नोव्हेंबर 2022मध्ये तापिओ लेहतिनेन यांची नौका काही मिनिटांत बुडाली. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर रात्रभर नौका हाकत त्यांच्या तराफ्यापाशी गेल्या, त्यांना मालवाहू जहाजावर चढवले आणि पुन्हा वाटेला लागल्या. एप्रिल 2023मध्ये त्या पहिल्या आल्या. दुसरे आले अभिलाष टॉमी.